ऑटोफॅजीवर काम करणारे रेणू संगणकावर शोधताना: नागपुरातल्या नव्या प्रोजेक्टवाल्यांसाठी

एम. फार्म.च्या दुसऱ्या वर्षी माझं चार महिन्यांचं डॉकिंग, म्हणजे रेणू प्रथिनात कुठे बसू शकतो हे संगणकावर पाहण्याचं काम, एका प्रश्नात रद्द झालं. विषय होता ऑटोफॅजीला आवर घालणारं एमटॉर हे प्रथिन आणि संत्र्याच्या सालीतले फ्लॅव्होनॉइड, म्हणजे वनस्पतींतले एका प्रकारचे रेणू. तुलनेसाठी, म्हणजे कंट्रोल म्हणून, मी एमटॉर अडवणारं रॅपामायसिन हे औषध घेतलं होतं. सादरीकरणात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पडद्यावरच्या चित्राकडे बोट दाखवून विचारलं, "रॅपामायसिन या पॉकेटमध्ये बसतं का?" मी ते एटीपीच्या पॉकेटमध्ये, म्हणजे ऊर्जा देणारा एटीपी हा रेणू प्रथिनाच्या ज्या खोबणीत बसतो तिथे, बसवलं होतं, किती घट्ट बसतं याचा स्कोअरही आला होता, म्हणून हो म्हणाले. उत्तर चूक होतं. रॅपामायसिन आधी एफकेबीपी१२ या छोट्या प्रथिनाला धरतं आणि मग ती जोडी एमटॉरच्या एफआरबी नावाच्या भागावर जाऊन बसते. एटीपीच्या पॉकेटमध्ये ते आत शिरतच नाही. १९९६ साली या तिघांची एकत्र रचना प्रसिद्ध झाली आहे, प्रोटीन डेटा बँकेत ती १एफएपी या क्रमांकाने कोणालाही फुकट पाहता येते. मी पाहिली नव्हती.

तेव्हापासून आपल्या विद्यापीठातले, अमरावती रोडच्या कॅम्पसमधले आणि आसपासच्या कॉलेजांतले बरेच ज्युनियर मला हाच विषय घेऊन विचारायला येतात. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते आहे.

१. आधी ठरवा: वाढवायची आहे की थांबवायची?

ऑटोफॅजी म्हणजे पेशीने स्वतःतलाच निकामी झालेला माल पिशवीत बांधून लायसोसोम या पेशीतल्या पचनकोठीपर्यंत नेणं आणि तिथे त्याचे तुकडे करून पुन्हा वापरणं. क्रिश्चियन द दुव्ह यांनी १९६३ साली हे नाव दिलं. योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टमध्ये तिची जनुकं शोधली, त्यासाठी २०१६ चं नोबेल त्यांना मिळालं. इतकं सगळ्यांच्या प्रस्तावनेत असतं. नसतं ते हे: या रस्त्यावर तुमचं टार्गेट नेमकं कुठे उभं आहे?

एमटॉर हा ब्रेक आहे. पेशीला खायला भरपूर असलं की तो यूएलके१ या ऑटोफॅजी सुरू करणाऱ्या एन्झाइमला दाबून ठेवतो. उपासमार झाली की एएमपीके हे दुसरं एन्झाइम यूएलके१ ला जागं करतं. पुढे व्हीपीएस३४ हे एन्झाइम पिशवीसाठी लागणारं खास लिपिड बनवतं, एटीजी४बी हे एन्झाइम एलसी३ या प्रथिनाला कापून तयार करतं, एलसी३ पिशवीच्या पडद्याला चिकटतं आणि पी६२ हे प्रथिन कचरा ओढून आणतं. शेवटी पिशवी लायसोसोममध्ये रिकामी होते.

आता हिशोब करा. एमटॉर अडवला तर ऑटोफॅजी वाढते. यूएलके१ किंवा व्हीपीएस३४ अडवलं तर ती थांबते. तरीही यूएलके१ च्या एटीपी पॉकेटमध्ये वनस्पतीतला रेणू बसवून "ऑटोफॅजी वाढवणारा रेणू सापडला" असं लिहिलेले प्रबंध मी स्वतः वाचले आहेत. एटीपीची जागा अडवणारा रेणू त्या एन्झाइमला बहुधा बंदच करणार. रेणू कुठे बसू शकतो इतकंच डॉकिंग सांगतं. बसल्यावर प्रथिन चालू होईल की बंद, ते सांगत नाही. म्हणून प्रोजेक्टचं शीर्षक लिहिण्याआधी एका कागदावर एकच वाक्य लिहा: "अमुक प्रथिन अडवलं तर ऑटोफॅजी अमुक होईल, कारण अमुक." हे वाक्य पूर्ण होत नसेल तर संगणक उघडू नका.

आपल्याकडे हा विषय निवडण्यामागे बहुतेकांच्या मनात सिकलसेल असतो, माझ्याही होता. मेडिकलच्या ओपीडीत गडचिरोली-चंद्रपूरकडून आलेली लेकरं पाहिल्यावर तो विषय डोक्यातून जात नाही. संबंध खराही आहे. लाल रक्तपेशी परिपक्व होताना आपल्यातले मायटोकाँड्रिया ऑटोफॅजीनेच काढून टाकते. त्यात निक्स नावाचं प्रथिन आणि यूएलके१ यांचा वाटा आहे. सिकलसेलच्या काही लाल पेशींत हे मायटोकाँड्रिया उरलेले दिसतात. बीटा थॅलेसेमियाच्या उंदरांवरचं २०१९ चं कामही वाचा. यूएलके१ च्या मार्गाने जास्तीचं अल्फा ग्लोबिन साफ होतं आणि रॅपामायसिनने ते कमी झालं, असं त्यात दिसलं. पण कृपा करून डॉकिंगच्या प्रबंधाला "सिकलसेलवर उपचार" असं शीर्षक देऊ नका. हे शीर्षक एखाद्या रुग्णाचे वडील मोबाइलवर वाचतात आणि आशेने फोन करतात. मला असे दोन फोन आले आहेत.

२. काय काय जमवायचं

संगणक: चार कोअरचा प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम डॉकिंगला पुरते. मोलेक्युलर डायनॅमिक्स, म्हणजे रेणू आणि प्रथिन कसे हलतात ते संगणकावर पाहणं, करायचं असेल तरच ग्राफिक्स कार्डाची गरज पडते. बर्डीच्या बाजारात जाऊन आधीच खर्च करू नका, पायरी ७ पर्यंत थांबा.

सॉफ्टवेअर, सगळं फुकट: डॉकिंगला ऑटोडॉक व्हिना, फाइल बदलायला ओपन बॅबेल, चित्र पाहायला कायमेराएक्स किंवा पायमॉलची मुक्त आवृत्ती, थोडं पायथन येत असेल तर आरडीकिट. महागड्या व्यावसायिक पॅकेजची क्रॅक केलेली प्रत पेनड्राइव्हवर फिरत असते. ती घेऊ नका. पेपर छापताना परवान्याबद्दल विचारलं तर सगळं काम अडकतं.

माहितीचे साठे: रचनांसाठी प्रोटीन डेटा बँक, आधी तपासलेल्या रेणूंसाठी केंबल आणि बाइंडिंगडीबी, रेणूंच्या रचनेसाठी पबकेम, भारतीय औषधी वनस्पतींसाठी चेन्नईच्या गणितविज्ञान संस्थेने केलेला इम्पॅट. ऑटोफॅजीवर परिणाम करणारे रेणू आणि प्रथिनं यांच्यासाठी एचएएमडीबी हा वेगळा साठा आहे. प्रथिनात एलसी३ ला धरणारा तुकडा आहे का हे आयलिर सर्व्हरवर पाहता येतं. ड्रगबँकेची पूर्ण फाइल हवी असेल तर शैक्षणिक परवान्यासाठी अर्ज लागतो, तो कॉलेजच्या ईमेलवरून आणि वेळेआधी करा.

कागदपत्रं: विषय मंजुरीचं पत्र, गाइडची सही असलेला आराखडा आणि एक नोंदवही. नोंदवहीत रोजची तारीख, सॉफ्टवेअरची आवृत्ती, बॉक्सचे (म्हणजे व्हिनाने रेणू बसवून पाहायच्या जागेचे) आकडे आणि सीडचा (म्हणजे शोधाची यादृच्छिक सुरुवात ठरवणारा) आकडा लिहा. सहा महिन्यांनी परीक्षक "हेच पुन्हा करून दाखवा" म्हणतील तेव्हा ही वहीच कामाला येते.

३. रचना निवडणं

एमटॉरसाठी मी आता ४जेएसएक्स वापरायला सांगते. २०१३ ची ही रचना आहे, त्यात एटीपीच्या जागी टोरिन २ हा रेणू प्रत्यक्ष बसलेला आहे. त्याच मालिकेत ४जेटी५ मध्ये पीपी२४२ आणि ४जेटी६ मध्ये पीआय-१०३ आहे. म्हणजे एकाच पॉकेटमध्ये तीन वेगवेगळे रेणू कसे बसतात ते समोर दिसतं. ज्यांना ऑटोफॅजी थांबवायची आहे त्यांनी व्हीपीएस३४ ची ४ओवायएस पाहावी, तिच्यात एसएआर४०५ आहे.

या एमटॉर रचनांची बारकाई (रिझोल्यूशन) साधारण साडेतीन अँगस्ट्रॉम आहे, एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग. ती फारशी चांगली नाही. बाजूच्या साखळ्या चित्रात दिसतात तितक्या पक्क्या नसतात. एमटॉर २५४९ अमिनो आम्लांचं अवाढव्य प्रथिन आहे, सगळं घेऊन डॉकिंग करायची गरज नाही. एक साखळी ठेवा, पाणी काढा, लिगँड, म्हणजे पॉकेटमध्ये बसलेला रेणू, वेगळ्या फाइलीत जपून ठेवा. तो फेकू नका, पुढच्या पायरीचा सगळा आधार तोच आहे.

अल्फाफोल्ड या एआय प्रणालीने अंदाजलेलं मॉडेल चालेल का, असं हमखास विचारलं जातं. प्रत्यक्ष रचना असेल तर नको. मॉडेलमध्ये पॉकेट रिकामं असतं आणि अनेकदा मिटलेलंही. दुसरा पर्यायच नसेल तर आधी त्या भागाच्या विश्वासार्हतेचा आकडा पाहा.

४. कंट्रोल: इथे घाई केली की पुढचं सगळं वाया

आधी टोरिन २ ला त्याच्याच जागेत परत बसवून पाहा. स्फटिकातला टोरिन २ बाजूला काढायचा, त्याची रचना पबकेमवरून नव्याने घ्यायची, आणि व्हिनाला विचारायचं: हा कुठे बसतो? नव्याने घ्यायची म्हणते कारण स्फटिकातलीच प्रत वापरली तर तिचा आकार आधीच बरोबर वळलेला असतो आणि परीक्षा सोपी होऊन जाते.

व्हिनाने दिलेली जागा आणि स्फटिकातली जागा यांच्यातला फरक, म्हणजे आरएमएसडी, दोन अँगस्ट्रॉमच्या आत हवा. शिवाय चित्र उघडून डोळ्यांनी पाहा. टोरिन २ चा नायट्रोजन व्हॅलिन २२४० शी हायड्रोजन बंध करतो आणि त्याची सपाट कडी ट्रिप्टोफॅन २२३९ ला समांतर येते. हे दोन्ही दिसलं नाही तर चांगल्या आकड्यावरही विश्वास ठेवू नका.

बॉक्स टोरिन २ च्या मध्यावर ठेवा, प्रत्येक बाजू २२ ते २५ अँगस्ट्रॉम. बॉक्सचं घनफळ २७,००० च्या वर गेलं की व्हिना स्वतः इशारा देतं. पडद्यावर आलेली ती ओळ लोक वाचत नाहीत. अख्ख्या प्रथिनावर बॉक्स टाकून केलेलं "ब्लाइंड डॉकिंग" या कामासाठी नको, पॉकेट माहीत असताना त्याची गरजच काय? एक्झॉस्टिव्हनेस, म्हणजे शोध किती कसून करायचा तो आकडा, मुळात ८ असतो, तो ३२ करा. तीन वेगवेगळे सीड देऊन तीनदा चालवा. तीनही वेळा रेणू वेगळ्या जागी बसला तर तुमच्याकडे निकाल नाही.

आणखी एक अडचण, दिसायला क्षुल्लक. विंडोजवर फोल्डरच्या नावात मोकळी जागा असली की कमांड अडते. संगणकाच्या खात्याचं नावच "नाव आडनाव" असं असेल तर डेस्कटॉपवरची प्रत्येक फाइल त्या वाटेत सापडते. सी ड्राइव्हवर एक छोट्या नावाचं फोल्डर करा आणि सगळं तिथेच ठेवा. माझा एक आख्खा रविवार यात गेला आहे.

टोरिन २ जमला की पीपी२४२ आणि पीआय-१०३ त्याच रचनेत बसवा आणि त्यांच्या खऱ्या जागेशी पडताळा. मग केंबलमधून एमटॉरवर तपासलेले वीस-तीस चांगले रेणू घ्या. डीयूडी-ईच्या सर्व्हरवर त्यांच्याचसारखे दिसणारे पण त्या प्रथिनाला न धरणारे समजले जाणारे डिकॉय तयार होतात, एका रेणूमागे पन्नासच्या आसपास. सगळे एकत्र करून डॉकिंग करा. चांगले रेणू यादीत वर येतात का? चांगले रेणू आणि डिकॉय किती वेगळे निघाले हे दाखवणाऱ्या आरओसी आलेखाखालचं क्षेत्र ०.५ असेल तर नाणं उडवून निवडल्यासारखंच आहे. ही तपासणी प्रबंधात टाकली तर दोन पानं वाढतात आणि परीक्षकांचे निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

५. आता तुमचे रेणू

नागपुरात असल्यामुळे संत्र्याची साल प्रत्येकालाच सुचते. सुचू दे, त्यात नोबिलेटिन, टँजेरेटिन, हेस्पेरिडिन असे अभ्यासण्यासारखे रेणू आहेत. पण हेस्पेरिडिनने मला फसवलं ते ऐका.

माझ्या यादीत हेस्पेरिडिन कायम पहिल्या क्रमांकावर यायचं. मला फार आनंद झाला होता. कारण साधं होतं: ते मोठं आहे. दोन साखरा लागलेल्या या रेणूत हायड्रोजन सोडून ४३ अणू आहेत. व्हिनाचा स्कोअर अणू वाढले की बहुधा सुधारतो, कारण चिकटायला जागा जास्त मिळते. साखरा काढलेल्या हेस्पेरेटिनमध्ये असे २२ च अणू आहेत. समजा पहिल्याला उणे ९.५ आणि दुसऱ्याला उणे ८ मिळाले. अणूंनी भागलं तर पहिल्याचे ०.२२ आणि दुसऱ्याचे ०.३६ येतात. दर अणूमागे छोटाच जास्त कामाचा. याला लिगँड एफिशियन्सी म्हणतात, तुमच्या तक्त्यात हा रकाना असलाच पाहिजे.

दुसरं, हेस्पेरिडिन पोटात गेल्यावर तसंच राहत नाही. आतड्यातले जिवाणू साखरा तोडतात आणि हेस्पेरेटिन शोषलं जातं. रक्तात तेही बहुतांशी ग्लुकुरोनाइड जोडलेल्या रूपात सापडतं. जो रेणू पेशीपर्यंत पोहोचतच नाही त्याचा स्कोअर घेऊन काय करायचं?

तिसरं, स्कोअरमधल्या दशांशावर क्रम लावू नका. २५ अंश तापमानाला बंधनाच्या ऊर्जेत १.३६ किलोकॅलरी प्रति मोल फरक पडला की बंधनाची ताकद दहापट बदलते. आणि व्हिनाच्या अंदाजातली चूकच दोन-तीन किलोकॅलरीची असू शकते. उणे ८.४ वाला रेणू उणे ८.२ वाल्यापेक्षा चांगला, असं वाक्य लिहिण्यात अर्थ नाही. गट पाडा: वरचे, मधले, खालचे.

तयारी करताना त्रिमितीय रचना, हायड्रोजन आणि ७.४ पीएचला येणारा विद्युतभार तपासा. ओपन बॅबेल हे आपोआप करतं, पण नियमांवरून करतं आणि चुकतंही. प्रत्येक रेणू एकदा उघडून पाहा. कायरल केंद्रं, म्हणजे डावी-उजवी मांडणी असलेले अणू, बरोबर आहेत का तेही बघा, साखरा असलेल्या रेणूंत हमखास गडबड होते.

६. गाळणी

स्विसएडीएमई या संकेतस्थळावर रेणूची स्माइल्स ओळ (अक्षरांत लिहिलेली रचना) टाकली की शोषण, विद्राव्यता, तोंडाने घ्यायच्या औषधांसाठीचे लिपिन्स्कीचे नियम आणि पेन्स नावाचे इशारे मिळतात. क्वेर्सेटिनसारखे कॅटेकॉल गट असलेले रेणू अनेक चाचण्यांत खोटा होकार देतात, पेन्सचा इशारा त्यासाठी असतो. इशारा आला म्हणून रेणू फेकायचा नाही, पण त्याचा उल्लेख लपवायचाही नाही.

ऑटोफॅजीच्या कामात आणखी एक गाळणी लागते, आणि ती फार कमी जण लावतात. क्लोरोक्विन घ्या. ते ऑटोफॅजी अडवतं, पण त्यासाठी एखाद्या प्रथिनाच्या पॉकेटमध्ये बसावंच लागतं असं नाही. ते दुर्बल आम्लारी आहे. लायसोसोमच्या आम्लात शिरलं की त्यावर विद्युतभार येतो, बाहेर पडता येत नाही आणि ते साचत जातं. तुमचाही रेणू तेलात विरघळणारा आणि आम्लारीधर्मी असेल तर पेशीत जे दिसेल ते तुमच्या टार्गेटमुळे नसून या साचण्यामुळे असू शकतं. तपासायला जुना सोपा नियम आहे: पीकेएचा (आम्लारीपणा दाखवणाऱ्या आकड्याचा) वर्ग अधिक लॉगपीचा (तेलात किती विरघळतो त्या आकड्याचा) वर्ग. पीकेए किमान ८, लॉगपी किमान १ आणि बेरीज ९० च्या वर असेल तर सावध व्हा. क्लोरोक्विनचा पीकेए सुमारे १०.२ आणि लॉगपी ४.६, बेरीज १२५ च्या आसपास जाते. नोबिलेटिनसारख्या फ्लॅव्होनॉइडांत आम्लारी गटच नाही, त्यांना हा प्रश्न येत नाही.

निवडकपणाही पाहा. पीआय-१०३ एमटॉरला धरतं तसं पीआय३के या त्याच्या नात्यातल्या एन्झाइमलाही धरतं, कारण दोघांची पॉकेटं भावंडांसारखी आहेत. तुमचे वरचे पाच रेणू पीआय३के अल्फामध्येही बसवून पाहा.

७. मोलेक्युलर डायनॅमिक्स

सगळ्यांनीच करायला हवं असं नाही. करायचंच असेल तर ग्रोमॅक्स हे सॉफ्टवेअर घ्या, एमटॉरचा फक्त कायनेज भाग कापून घ्या, आणि टोरिन २ ची रन आधी करा. एक शंभर नॅनोसेकंदाची रन करण्यापेक्षा वेगळ्या सुरुवातीच्या वेगांनी केलेल्या तीन छोट्या रन जास्त काही सांगतात. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की कूलरच्या दमट हवेत रात्रंदिवस चालणारा संगणक तापून बंद पडतो. ग्रोमॅक्स दर १५ मिनिटांनी चेकपॉइंट लिहितं, तिथून पुन्हा सुरू कसं करायचं ते पहिल्याच दिवशी शिकून घ्या. शक्य असेल तर रन हिवाळ्यात उरका.

८. प्रयोगशाळेकडे

तुमच्या कॉलेजात पेशींवर काम होत नसेल तर दुसऱ्या संस्थेशी सहकार्याचं पत्र आधीच घ्या. पेशी पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेच्या राष्ट्रीय संग्रहातून मागवता येतात, अर्ज संस्थेच्या नावाने जातो. सिकलसेल रुग्णाचं रक्त घ्यायचं असेल तर संस्थेच्या नैतिकता समितीची लेखी मंजुरी आणि रुग्णाची त्याला कळेल अशा भाषेत घेतलेली संमती हवी. "फक्त दोन मिली" असलं तरी हवीच.

चाचणी करताना होणारी चूक आपल्या शहराच्या उदाहरणाने सांगते. रस्त्यावर कचऱ्याच्या गाड्या जास्त दिसल्या, तर त्याचे दोन अर्थ होतात. एक, आज कचरा जोरात उचलला जातोय. दोन, भांडेवाडीच्या कचरा डेपोचं फाटक बंद आहे आणि गाड्या बाहेर तुंबल्या आहेत. एलसी३-२ चा, म्हणजे पिशवीला चिकटलेल्या एलसी३ चा, पट्टा गडद दिसणं म्हणजे गाड्या जास्त दिसणं. तेवढ्यावरून ऑटोफॅजी वाढली असं म्हणता येत नाही, क्लोरोक्विननेही तो गडद होतो.

म्हणून प्रत्येक नमुना दोनदा: एकदा नुसता रेणू, एकदा रेणू आणि बॅफिलोमायसिन ए१. बॅफिलोमायसिन फाटक बंद करतं. फाटक बंद केल्यावर एलसी३-२ आणखी वाढलं तर गाड्या खरोखर जास्त निघत होत्या. वाढलंच नाही तर तुमच्या रेणूने आधीच फाटक लावलं होतं. सोबत पी६२ कमी होतं का पाहा, आणि एमटॉर खरंच अडला का हे एस६के या एमटॉरच्या हाताखालच्या प्रथिनावरच्या थ्रिओनिन ३८९ च्या फॉस्फोरिलेशनवरून (तिथे फॉस्फेट लागलं आहे का यावरून) तपासा. कंट्रोलला टोरिन १ आणि उपाशी ठेवलेल्या पेशी घ्या.

हे काही करता आलं नाही, फक्त संगणकावरचंच काम झालं, तरी प्रबंध पूर्ण होतो. तेव्हा निकालाचं वाक्य असं लिहा: "टोरिन २ ची जागा १.४ अँगस्ट्रॉम फरकाने परत मिळाली. त्याच पद्धतीने नोबिलेटिन एटीपीच्या पॉकेटमध्ये व्हॅलिन २२४० जवळ बसू शकतं. ते एमटॉर अडवतं का, हे तपासलेलं नाही." १.४ च्या जागी तुमचा आकडा घाला आणि नोबिलेटिनच्या जागी तुमचा रेणू. तिसरं वाक्य मात्र आहे तसंच ठेवा.